किल्ली विश्वासातल्या माणसाकडे

बडनेरा,
३ ऑगस्ट २००६

प्रिय हीना,

पत्र पाहून हसू नकोस. दिवसाआड ई-मेल टाकणारी बाई टपालपेटीशीही जाते, याची तुझ्या अब्बांना मोठी गंमत वाटत असेल. पण कॅफेत मागच्या खुर्चीवरची पोरं मानेवरून डोकावतात आणि घरी वीज असते तेव्हा नेमकी मी नसते. म्हणून आपला कॉलेजातला करार चालू ठेवू. कामाचं मेलमध्ये, मनातलं कागदावर. हे पत्र दोन्हीचं आहे.

बातमी अशी की तुझं 'कवाड' आमच्या संस्थेने घेतलं! तू एवढी वर्षं कॉम्प्युटरपुढे डोळे फोडून जो प्रोग्राम लिहिलास, मजकूर बंद करून पाठवायचा आणि ज्याचा त्यानेच उघडायचा, तो शेवटी आपल्या वऱ्हाडातच कामाला येतोय. काम काय ते सांगते. या दोन-तीन वर्षांत ज्यांच्या नवऱ्यांनी औषध पिऊन जीव दिला, त्या बायकांचं म्हणणं आम्ही लिहून घेतोय. पेपरवाले येतात, फोटो काढतात, कापसाचा भाव विचारतात आणि निघून जातात. बाईला काही विचारलंच तर शेजारी सासरा नाहीतर दीर उभा असतो आणि उत्तर तोच देतो. आम्ही बाईशी एकटीशी बोलतो. ती जे बोलते ते गावात फुटलं तर तिचं तिथे राहणं कठीण होईल, म्हणून कवाड हवं.

रीत अशी ठरली आहे. जबाब मी अमरावतीच्या ऑफिसात टाइप करणार आणि बंद करून आमच्या माणिकबाईला मेल करणार. माणिकबाई तेल्हाऱ्याच्या पुढच्या एका गावात राहते, बायका तिच्याजवळ मोकळ्या होतात. ती तेल्हाऱ्याच्या कॅफेत जाऊन मजकूर उघडणार, कागदावर उतरवणार, त्या बाईला वाचून दाखवणार आणि कागद चुलीत टाकणार. बाईने 'बरोबर आहे' म्हटलं तरच तो जबाब, नाव-गाव काढून, पुढे छापायला जाईल. वाचून दाखवल्याशिवाय काही छापायचं नाही, हा आमचा नियम.

आता माणिकबाईला इंग्रजी येत नाही. कवाडचं प्रत्येक बटण, प्रत्येक सूचना मराठीत हवी. ते खातं माझं. इंग्रजी वाक्यांची यादी धाड.

तुझी,
आरती

*

अकोला,
९ ऑगस्ट २००६

आरती,

सलाम आणि नमस्कार. यादी मेलने पाठवली आहे. एका शब्दाबद्दल मात्र कागदावरच लिहिते, कारण मेलमध्ये तू वाचल्यासारखं करतेस आणि 'ओके' लिहून मोकळी होतेस.

कवाडात प्रत्येक माणसाच्या नावाच्या दोन वस्तू असतात. पहिली वाटायची असते. माणिकबाईने ती तुला द्यायची, मला द्यायची, चौकात फळ्यावर लावली तरी हरकत नाही. तिच्याने मजकूर फक्त बंद होतो. दुसरीने तो उघडतो. ती माणिकबाईच्या पेनड्राइव्हमध्ये राहील आणि पेनड्राइव्ह तिच्या गळ्यात; ती चालवायला एक परवलीचा शब्द लागतो, तोही फक्त तिच्या डोक्यात. ती कोणाला म्हणजे कोणालाच द्यायची नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, मलाही नाही.

इंग्रजीत या दोन्हींना 'की'च म्हणतात. मला ते सुरुवातीपासून खटकतं. जी फक्त बंद करते ती किल्ली कशी? ते तर कुलूप झालं. उघडी कुलुपं लोकांत वाटून ठेवायची, ज्याला काही धाडायचं त्याने ते दाबून बंद करायचं आणि किल्ली आपल्या कंबरेला. मी हे अम्मीला समजावून पाहिलं. म्हटलं, "अम्मी, ताला बाँटो, चाबी मत बाँटो." ती भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "तो इसमें क्या बड़ी बात है?" कॉलेजात आपल्याला हेच कळायला अख्खं सत्र गेलं होतं.

तर माझी सूचना : पहिल्या वस्तूला कुलूप म्हण, दुसरीला किल्ली.

हीना

*

बडनेरा,
२१ ऑगस्ट २००६

प्रिय हीना,

तुझी सूचना वाचली, दोनदा वाचली. पण कुलूप कोणी कोणाला देतं का गं? 'आपलं कुलूप विश्वासातल्या माणसाला द्या' हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघ. माणिकबाई म्हणेल, कुलूप देऊन दाराला काय लावू? सगळीकडे 'जाहीर किल्ली' आणि 'खासगी किल्ली' असंच लिहितात, मीही तेच ठेवलं आहे. बटणावर जागा कमी पडते, तिथे नुसतं 'किल्ली'. मराठीचं माझ्यावर सोड, राणी. मी तुझ्या कोडमध्ये बोट घालते का?

आणखी एक. माणिकबाई आपली जाहीर किल्ली मला पाठवायची विसरली तर मी तिला काही धाडूच शकणार नाही. म्हणून कवाड उघडलं की दर वेळी एक आठवण येऊ दे : 'आपली किल्ली विश्वासातल्या माणसाकडे दिली का?'

आता मनातलं. काल शकुनशी बोलले. माणिकबाईच्याच गावची आहे ती. तिची मुलगी कांचन यंदा पहिलीत आहे. नवरा सूर्यभान गेल्या वर्षी गेला. पेपरात आलं होतं, पावसाने दगा दिला म्हणून. शकुन माझ्याशी बराच वेळ तुरीबद्दलच बोलत राहिली. मग एकाएकी म्हणाली, "पावसानं नाई मारलं बाई त्यायले."

वाटणीवरून दोन भावांचं भांडण झालं. थोरल्या भावाने, केशवरावांनी, अंगणात चारचौघांसमोर पायातली चप्पल काढून धाकट्याला मारलं. कांचन तिथेच खेळत होती. शकुन म्हणाली, "मार लागला नाई त्यायले, लाज लागली. पोट्टीकडे पाह्यलं अन् वावरात निंगून गेले. मंग आनलंच त्यायले." घरात सगळ्यांनी पावसाचं नाव पुढे केलं आणि तिला गप्प बसायला सांगितलं. केशवराव गावातल्या शाळेवर गुरुजी आहेत, त्यांचा शब्द मोडत नाही कोणी. तिला आता एकच हवं आहे. परीक्षा झाली की मुलीला घेऊन शेंदूरजनाघाटला माहेरी निघून जायचं, कायमचं. आधी कळलं तर मुलीला सोडणार नाहीत.

मला तिने विचारलं, "हे कोनी वाचन त नाई?" मी म्हटलं, तू, मी आणि माणिकबाई, चौथं कोणी नाही. तिने माझा हात धरून पुन्हा विचारलं, "कुलूप असते का त्याले?" मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीने केलंय, भक्कम असतं. तेव्हा कुठे तिने हे सगळं लिहू दिलं. हीना, तुझ्या कामाचा मला एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

तुझी,
आरती

*

अकोला,
२२ सप्टेंबर २००६

आरती,

शब्द तुझे घातले आहेत. आठवणही घातली, किल्ली कोणाला दिल्याची नोंद होईपर्यंत ती दर वेळी येईल. मला अजून कुलूपच बरं वाटतं, पण माझी मराठी शाळेतली, तुझी घरातली. तू तसं लिहिलं नाहीस, मी तसं वाचलं. असो, भांडायला भेटल्यावर वेळ काढू.

शकुनचं वाचलं. मी हा प्रोग्राम लिहायला घेतला तेव्हा बँका, वकील, असले लोक डोळ्यांसमोर होते. तुरीच्या वावरातली बाई नव्हती. त्या दिवसापासून प्रत्येक ओळ तिला विचारून लिहिल्यासारखी तपासते आहे.

दोन दिवसांत रमजान लागेल. यंदा दिवाळी आणि ईद पाठोपाठ आल्या आहेत. तू फराळ घेऊन ये, शीरखुर्मा माझ्याकडे. अब्बा विचारतात, "आरती को बस नहीं मिलती क्या?"

हीना

*

बडनेरा,
१८ नोव्हेंबर २००६

हीना,

ईदला आले नाही, मेलला उत्तरं दिली नाहीत. कारण आता लिहिते.

शकुनचा जबाब फुटला.

मी परवा शेंदूरजनाघाटला जाऊन तिला भेटून आले. ती माहेरी आहे. एकटी. कांचन तिकडेच राहिली.

तिने सांगितलं ते असं. दिवाळीच्या आधी एका सकाळी केशवरावांनी तिला अंगणात बोलावलं. सासू ओसरीवर होती, कांचन आजीच्या मांडीवर. त्यांच्या हातात छापलेला कागद होता. म्हणाले, "बस. तुहा जबाब आला हाय, वाचून दाखवतो." आणि वाचला, हीना. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, वर्गात धडा वाचतात तसा. चप्पल आली, लाज आली, परीक्षेनंतर मुलीला घेऊन जायचं तेही आलं. सगळे तिचेच शब्द, मी टाइप केलेले. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरोबर लिवलं हाय का?"

ती म्हणाली, "हाव."

मी तिला म्हटलं, नाही म्हणायचं होतंस गं, दुसऱ्या कोणाचं आहे म्हणायचं होतंस. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "काहून? खोटं व्हतं का थे?"

केशवराव ओरडले नाहीत, हात उगारला नाही. त्याच दिवशी तिच्या भावाला निरोप धाडला, बहिणीला घेऊन जा. मुलगी आमच्या घरची आहे, ती इथेच राहील. भाऊ आला आणि मान खाली घालून घेऊन गेला. कांचन गाडीमागे धावली म्हणे. सासूने तिला धरून आत नेलं.

कसं फुटलं ते नक्की कळत नाही. केशवराव शाळेत कॉम्प्युटर शिकवतात, डोकेबाज माणूस आहे. त्यांनी कवाड फोडलं असणार. कुठेतरी भोक राहिलं असेल, हीना. तू एकदा पाहा.

आरती

*

अकोला,
३० नोव्हेंबर २००६

आरती,

तुझं पत्र आल्यापासून मी दुसरं काही केलेलं नाही. सगळं कोड पुन्हा वाचलं. गणित बरोबर आहे. मजकूर बंद केल्यावर मूळ प्रत कुठे मागे राहते का पाहिलं, राहत नाही. मीच माझ्यावर चोर सोडून पाहिले, एकालाही आत जाता येत नाही. पण शाळेतल्या एका मास्तराने उघडलं आहे, म्हणजे भोक आहेच. मलाच दिसत नाही, आणि हे जास्त भयंकर आहे.

माणिकबाईने वापरलेल्या मशीनबद्दल काही कळलं तर लिही. काय दिसत होतं, काय दाबलं, काहीही. तेवढ्यावरून मला माग काढता येईल.

अम्मी ताट आणून ठेवते आणि तसंच उचलून नेते. मी तिला सांगितलं, माझ्यामुळे एका बाईचं लेकरू गेलं. ती म्हणाली, "तूने जान-बूझ के थोड़ी किया." जाणूनबुजून केलं नाही, हे शकुनला जाऊन सांगू का मी?

हीना

*

अकोला,
४ जानेवारी २००७

आरती,

तुझं उत्तर नाही. मला समजतं. मी तुझ्या जागी असते तर मलाही माझ्याशी बोलवलं नसतं.

कवाड बंद केलं. जे जे वापरत होते त्या सगळ्यांना लिहिलं की हे सुरक्षित नाही, काढून टाका. यवतमाळकडच्या एका गटाने उलट विचारलं, मग आम्ही बायकांची नावं कशी पाठवायची? ते आता साध्या मेलने पाठवतात.

मी अब्बांच्या गादीच्या दुकानात बसते. कापूस पिंजायचा, खोळ भरायची. कॉम्प्युटरवर ओढणी टाकून ठेवली आहे.

एक ठरवलं आहे. चौदा तारखेच्या रविवारी मी शेंदूरजनाघाटला जाणार. तिच्या पाया पडणार आणि सांगणार की ज्या मैत्रिणीने ते केलं ती मी. तू आलीस तर बरं, नाहीतर पत्ता तेवढा कळव.

हीना

*

बडनेरा,
१० जानेवारी २००७

हीना,

मी काल फोनवर 'जाऊ नकोस, पत्र येतंय' एवढंच बोलून ठेवून दिला. हे ते पत्र.

कवाडात भोक नाही. कधी नव्हतंच. मला हे नोव्हेंबरातच माहीत होतं. तुला ते पत्र लिहिलं त्याच्या आधी मी माणिकबाईला भेटले होते.

माणिकबाई लेकीच्या बाळंतपणाला परगावी जायला निघाली. तिची जाहीर किल्ली मी सुरुवातीलाच स्वतः घेतली होती, पण कवाडात तशी नोंद केली नव्हती, म्हणून आठवण येतच होती. शकुनचा जबाब मी तोवर पाठवलेला होता, पण तिने तो उघडला नव्हता, त्यात काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, पेनड्राइव्ह कुठे होता? तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. ती म्हणाली, "बाई, तुमची मशीन रोज इचारे, किल्ली विश्वासातल्या मानसाकडे देल्ली का? रोज इचारे. मी मनलं, गावाले जातांनी देऊ. घराची किल्ली आमी नेहमी बाजूच्या गुरुजीकडेच ठेवतो, मंग हेबी त्यायलेच देल्ली. मेलचा अन् उघडाचा, दोन्ही शब्दबी सांगतले, नाईतर खोलतीन कसे? मनलं, बाया वाट पाह्यत असतीन, तुमी कागद काढा अन् वाचून दाखवा. गावात गुरुजीपरस विश्वासाचा मानूस कोन हाय, तुमीच सांगा."

घराची आणि कवाडची, दोन्ही किल्ल्या तिने एकाच वेळी भिंतीपलीकडे दिल्या. आपण सगळेच गावाला जाताना तसं करतो. मीही करते. तिने पडद्यावर लिहिलेलं तंतोतंत पाळलं. पडद्यावर ते मी लिहिलं होतं.

तू कुलूप म्हणत होतीस. मी तुला राणी म्हणून उडवून लावलं. मनात काय होतं तेही लिहिते : हीना मला मराठी शब्द सुचवणार? तू ते ओळखलंस आणि सभ्यपणे सोडून दिलंस.

मग खोटं का लिहिलं? तुझ्या पत्रात 'मी सांगितलं होतं' हे वाक्य वाचायची माझ्यात ताकद नव्हती. वाटलं, तू थोडं शोधशील, काही सापडणार नाही, विषय मागे पडेल. तू दुकानात जाऊन बसशील असं वाटलं नव्हतं. तुझं नोव्हेंबरचं पत्र कपाटात साड्यांखाली ठेवलं आणि रोज ऑफिसला गेले.

माणिकबाईला मी काही बोलले नाही. तिला अजून वाटतं की तिने नेमून दिलेलं काम नीट केलं आणि गुरुजीच फिरले.

आरती

*

अकोला,
२९ जानेवारी २००७

आरती,

तुझं पत्र वाचून आधी काय वाटलं सांगू? आनंद. माझ्या कोडात भोक नव्हतं. मी उठून ओढणी काढली, मशीन चालू केली, सगळ्या ओळी पुन्हा पाहिल्या आणि हसले. मग शकुन आठवली. त्या हसण्याची इतकी शरम वाटली की अम्मीसमोर जाववेना.

'मी सांगितलं होतं' असं मी लिहिणार नाही. कारण मी पुरतं सांगितलंच नाही. मला खात्री होती की कुलूपच बरोबर आहे, तरी मी भांडले नाही. तू मराठीची मालकीण आणि मी पाहुणी, हे मी मान्य करून टाकलं. तेवढं माझ्या पदरात राहू दे.

शब्द चुकला याचा मला राग नाही, शब्द कोणाचाही चुकतो. पण तू मला माझ्याच घरात चोर म्हणून बसू दिलंस. मी स्वतःला झडत्या देत होते आणि चोर कोण ते तुला माहीत होतं. तू ऑफिसला जात होतीस. आरती, आपण हॉस्टेलात एका ताटात जेवलो आहोत. हे तू कोणाशी केलंस, ते तुला लिहिताना दिसलं नाही का?

कवाड पुन्हा चालू केलं. वाटायच्या वस्तूचं नाव आता कुलूप आहे. यवतमाळच्या गटाला कळवलं. त्यांच्या एका बाईचं नाव मधल्या काळात गावभर झालं, तिचं पुढे काय झालं ते ते सांगत नाहीत.

माणिकबाईला खरं सांग. तिचा दोष नाही हेही सांग. आणि शकुनकडे जा, क्षमा मागायला नको, ती मागितली की तिलाच आपली समजूत काढत बसावं लागेल. तिला काय हवं आहे ते विचार आणि तेवढं कर. मी येत नाही. तुझ्या शेजारी बसून एवढा प्रवास माझ्याने आज होणार नाही.

पत्र लिहू नकोस असं म्हणत नाही. उत्तर देईन असंही म्हणत नाही.

हीना

*

बडनेरा,
२५ फेब्रुवारी २००७

हीना,

उत्तराची वाट पाहत नाही, कळवायचं आहे म्हणून लिहिते.

माणिकबाईला सांगितलं. ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "म्हंजे मीच देल्ली पोट्टी त्यायले." दोष माझा आहे हे तिच्या गळी उतरवता आलं नाही. तिने संस्थेचं काम सोडलं.

मी आणि आमच्या वकीलबाई केशवरावांकडे जाऊन आलो. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. म्हणाले, पोरगी शाळेत जाते, खाऊनपिऊन बरी आहे, बाकी तुम्ही कोर्टात बोला. कोर्टात बोलायला शकुन तयार नाही. ती म्हणते, एकदा बोलली तर एवढं झालं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे तिला विचारलं, तुला काय हवं आहे. ती संत्र्यांच्या शेडमध्ये होती, मृगाच्या बहाराची फळं निवडत होती. हात थांबवला नाही. म्हणाली, "तुमच्या मशीनवरून चिठ्ठी जाते ना? गुरुजीच्या मशीनवर जाते का?" मी म्हटलं, जाते. "मंग पोट्टीले माही चिठ्ठी पाठवा."

मी तिला समजावलं की तो पत्ता केशवरावांचा आहे, ते आधी वाचतील. वाटल्यास काही दुसरी सोय करू, मुलीच्या बाईंकडे देऊ, बंद करून देऊ. ती ऐकत होती. म्हणाली, "नोको बाई. बंद नोको. वाचू द्या त्यायले. त्यायनं वाचल्याबिगर माह्या लेकरापरेंत जातच नाई काई." मग ती बोलली आणि मी लिहिलं. परत वाचून दाखवलं. "बरोबर हाय," म्हणाली.

तिने सांगितलं तसं, एक अक्षर न बदलता, आज साध्या मेलने पाठवते आहे. तुलाही माहीत असावं म्हणून खाली उतरवते.

आरती

*

शेंदूरजनाघाट

माहे कांचन,

मी आई बोलून राह्यली. मी बरी हावो. मामाच्या घरी हावो. तू रडत नोको जाऊ. आजी केस इंचरते तवा हालत नोको जाऊ, तिचे हात दुखतेत.

सकाळी उठली की तोंड धुजो. डबा पुरा खाजो. अंगात ताप वाटला त लपवू नोको, आजीले सांगजो. तुले झोप येत नसन त पांघरूनाचं टोक मुठीत धरजो, मंग येते. पाटीवर तुहं नाव काढता येते का आता? काढजो. मले कोनी सांगन मंग.

मी तुले टाकून आली नाई. मोठी झाली का तुले कळन. तवरोक लोक काई मनतीन, तू कोनाशी भांडू नोको.

भाऊजी, हे तुमीच वाचान पह्यले, मले मालूम हाय. वाचा. मांगं जे बोलली थे खोटं नव्हतं, तवा थे मी वापस घेत नाई. पन आता मी त्याच्यावर कोनापाशी काईच बोलत नाई. पोट्टी तुमच्यापाशी हाय. हे तिले वाचून दाखवा. जवळ बसवून वाचा, अन् जरा हळू वाचा. मोठ्या आवाजाले ते भेते.